परस्पर (आजचा श्लोक : भगवद्गीता १०.९)



दहाव्या अध्यायाचा आज नववा श्लोक. विभूतियोग म्हटलं की आपल्याला पुढची ती मोठी यादी आठवते, नद्यांतली गंगा, महिन्यांतला मार्गशीर्ष वगैरे. त्या यादीकडे जायच्या घाईत हा श्लोक बहुतेक वेळा नुसता वाचून होतो. मीही कित्येक वर्षं तसाच वाचला. गेल्या वर्षभरात मात्र या एका श्लोकापाशी मी इतक्या वेळा परत आलोय की आजचं चिंतन नेहमीपेक्षा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

भगवंत इथे आपल्या भक्तांचं वर्णन करतात. त्यांचं मन आणि प्राण देवात गुंतलेले असतात, हे तर अपेक्षितच आहे. पण मग ही माणसं करतात काय? एकत्र बसतात, एकमेकांना सांगतात, एकमेकांना समजावतात आणि त्या बोलण्यातच त्यांना समाधान मिळतं. गुरू शिष्याला समजावतो असं इथे म्हटलेलं नाही. सांगणारा एक आणि ऐकणारा दुसरा अशी वाटणीच नाही. आत्ता जो सांगतोय, तोच थोड्या वेळाने ऐकणार आहे.

या श्लोकातला एक शब्द आपण मराठीत रोज वापरतो. परस्पर. संस्कृतात त्याचा अर्थ एकमेकांना. मराठीतही तो अर्थ आहेच, परस्पर विश्वास, परस्पर सहकार्य. पण घरात बोलताना आपण हाच शब्द जवळजवळ उलटा वापरतो. 'त्यांनी परस्पर ठरवून टाकलं', म्हणजे ज्याला विचारायचं त्याला न विचारता. 'तो परस्पर निघून गेला', म्हणजे न सांगता. एका अर्थात दोन माणसं समोरासमोर बसलेली आहेत, दुसऱ्या अर्थात एकाला बाजूला ठेवलंय.

मागच्या वर्षी आमच्या घरात या शब्दाचा दुसरा अर्थ चालू होता.

माझी मावशी कराडजवळच्या गावात राहते. छातीत गाठ लागली, तपासणी झाली आणि रिपोर्टचा फोटो सगळ्यात आधी माझ्या व्हॉट्सॲपवर आला, कारण घरात 'शिकलेला' मी. मी, काका आणि मामा, तिघांनी कॉन्फरन्स कॉलवर ठरवलं की तिला 'साधी गाठ आहे, पण काढावी लागेल' एवढंच सांगायचं. परस्पर ठरवलं. शरीर तिचं, गाठ तिची, आणि मीटिंगला तीच नाही. ऑफिसात कुणी माझ्या मॉड्यूलबद्दल मला वगळून अशी मीटिंग घेतली असती तर मी दोन दिवस धुमसलो असतो.

मग ती रबाळ्याला आमच्याकडे राहायला आली. रबाळ्याहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, ठाण्याहून स्लो लोकलने परळ, आणि तिथून चालत टाटा मेमोरियल. आता टाटाच्या दारात उभं राहून 'साधी गाठ' हे किती वेळ टिकणार? महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं तरी लोकांना कळतं. मावशी पाटीकडे बघून एवढंच म्हणाली, "मला वाचता येतं रं."

नंतर मी माझ्या परीने कामाला लागलो. तारखा, गोळ्या, रिपोर्ट, खर्च यांची एक्सेल शीट केली. ती खरंच उपयोगी पडली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या जोडीने मी रोज संध्याकाळी मावशीला दुसरा अध्याय समजावून सांगायला लागलो. आत्मा, देह, जुनी वस्त्रं, सगळं. पॉझिटिव्ह राहा म्हणालो. जप वाढव म्हणालो. ती 'हो' म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटायचं, थकली असेल.

ऑपरेशन झालं. डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. अशा वेळी पेशंटला एक सूचना देतात. काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्या की त्या हातातलं पाणी नीट वाहून जात नाही आणि हात सुजण्याची भीती राहते, म्हणून त्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हातावर शक्यतो बीपी मोजायचं नाही, सुई घ्यायची नाही, घट्ट बांगडी किंवा अंगठी घालायची नाही. मी हे सगळं शीटमध्ये टाकलं. मावशीने यातलं एकच ऐकलं. एका हातातल्या बांगड्या काढायच्या. काका हयात असताना.

हे ती कुणाला बोलली नाही. तीन दिवस नीट जेवली नाही. मी औषधांचे साइड इफेक्ट शोधत बसलो.

चौथ्या दिवशी ड्रेसिंगसाठी गेलो. बाकावर शेजारी अमरावतीकडच्या एक ताई बसल्या होत्या, मावशीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. डोक्याला स्कार्फ. त्यांचा डावा हात रिकामा होता आणि उजव्या हातात मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मावशी त्या हाताकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ताईंनी विचारलं, "काऊन रडून राह्यल्या, बाई?" मावशी काही बोलली नाही, नुसता स्वतःचा डावा हात पुढे केला. ताईंना लगेच कळलं. आपला भरलेला हात वर करून म्हणाल्या, "हे पाहा. दोन्ही हातच्या एकाच हातात चढवल्या. नवऱ्याचं आयुष्य का हात मोजून ठरते?"

मावशी हसली. महिनाभरात पहिल्यांदा.

मी फाइल घेऊन शेजारी उभा होतो. माझ्या शीटमध्ये बांगड्यांचा रकाना नव्हता. मला कळूच शकला नसता. डॉक्टरांचं सांगणं बरोबर होतं, माझे श्लोकही बरोबर होते, पण त्या हाताचं नेमकं काय दुखतंय हे ओळखायला तसाच एक हात लागला.

ज्ञानेश्वर माउली या श्लोकापाशी एक दृष्टान्त देतात. शेजारी शेजारी दोन सरोवरं आहेत, दोन्ही काठोकाठ भरून उचंबळली की त्यांचं पाणी एकमेकांत मिसळून जातं, आणि मग लाटांना राहायला लाटांचीच घरं होतात. मला आधी वाटायचं, हे फक्त आनंदाबद्दल आहे. भरून येणं आपण दोन्हीसाठी म्हणतो ना? आनंदानेही भरून येतं आणि दुःखानेही. दृष्टान्त आनंदाचाच आहे, माझ्या सोयीसाठी मी तो बदलणार नाही. पण त्यातली एक अट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही सरोवरं एका पातळीला आहेत. वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात पाणी सोडलं तर तो पाट होतो. मी मावशीसाठी पाट खणत होतो.

याच माउलींच्या आयुष्यातली ती गोष्ट आठवा. लोकांच्या बोलण्याने मन इतकं दुखावलं की ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसले. बाहेर उभी राहून त्यांना समजावणारी मुक्ताई होती, आणि ते समजावणं 'ताटीचे अभंग' म्हणून आपल्याकडे आहे. आता विचार करा, घरात निवृत्तिनाथ होते. थोरले भाऊ आणि गुरूही. तरी परंपरेने ही जागा सगळ्यात धाकट्या बहिणीला दिली. का? निवृत्तिनाथांनीही तेच सोसलं होतं, हे खरं. पण मुक्ताई गुरूच्या जागेवरून बोलत नाही. आईबापांविना, वाळीत टाकलेल्या घरात ती त्यांच्याबरोबरच वाढलीय. तिचा शब्द दाराच्या फटीतून आत जातो, कारण तिला तीच जखम आहे. हा माझा अर्थ आहे, अभ्यासकांना पटेलच असं नाही.

इतिहासात पाहिलं तर डॉक्टरांनाही ही गोष्ट थोडी अपघातानेच कळली. १९०५ मध्ये बोस्टनला जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. सॅनेटोरियमचा खर्च न झेपणारे गरीब लोक. आठवड्यातून एकदा जमायचं, वजन आणि रोजच्या नोंदी दाखवायच्या, मोकळी हवा आणि विश्रांती यांचे नियम ऐकायचे, एवढाच हेतू. पण प्रॅट यांच्या लक्षात आलं की एकाच आजाराच्या धाग्याने ही माणसं एकमेकांशी बांधली जातायत, आणि त्याचाही गुण येतोय. पुढे १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर यांनी स्वतःचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर तशाच दुसऱ्या बायकांना जाऊन भेटायला सुरुवात केली. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' ही चळवळ उभी राहिली. ऑपरेशन झालेली बाई ऑपरेशन झालेल्या बाईला भेटते, बस. आपल्या मुंबईत स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये 'व्ही केअर' सुरू केलं. आणि कॅन्सर सोडून पाहायचं तर पुण्याचं 'मुक्तांगण' आहे, अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक म्हणून बसतात. 'तुला काय कळणार' हे वाक्य तिथे पेशंटला वापरताच येत नाही.

पण मावशीला यातल्या कुठल्याच संस्थेत मी नेलं नाही. ताईच तिला घेऊन गेल्या, दादरला.

दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटात उपचार घेणारे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांच्या सोबतची माणसं तिथे अगदी थोड्या पैशात राहतात. ताई आणि त्यांचा मुलगा तिथेच उतरले होते. ताईंना त्याचा मोठा अभिमान. गाडगेबाबा त्यांच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. "आमच्या बाबाच्या घरी राह्यते मी," असं सांगायच्या.

एका रविवारी मावशीबरोबर मीही गेलो. व्हरांड्यात सतरंजीवर सात-आठ बायका बसल्या होत्या. विदर्भातल्या, खानदेशातल्या, एक बिहारची, तिला मराठी येत नव्हतं आणि तिचं काही अडतही नव्हतं. मला वाटलं होतं, इथे सगळे रडत असतील किंवा सगळे देवाचं नाव घेत असतील. एक म्हातारी कोपऱ्यात हरिपाठ म्हणत होती, ते खरं. पण बाकीच्यांचं बोलणं काय? केमोनंतर तोंडाला लोखंडासारखी चव येते, तर स्टीलचा चमचा सोडून प्लॅस्टिकचा घ्यायचा. तोंड आलं की मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या, डॉक्टरांनीच सांगितलेलं, पण दिवसातून किती वेळा आणि पाणी किती कोमट, हे एकमेकींकडून. भिंतीवर बोटांनी चढत चढत हात वर न्यायचा व्यायाम, आणि काल कुणाची बोटं कुठल्या फरशीपर्यंत पोचली. पुढून उघडणारं ब्लाउज कुठला शिंपी लवकर शिवून देतो. बद्धकोष्ठावर तर अर्धा तास.

इथे कुणीतरी म्हणेलच, आणि म्हणायलाही हवं, की श्लोकातलं बोलणं भगवंताबद्दल आहे. बद्धकोष्ठाच्या गप्पांना तुम्ही दहावा अध्याय कसा लावता? मीही स्वतःला हेच विचारलं. माझ्याकडे शास्त्राधार असलेलं उत्तर नाही. एक गोष्ट मात्र त्या सतरंजीशेजारी उभा असताना मनात आली. ज्या माणसाच्या नावाची ती इमारत आहे, तो आयुष्यभर कीर्तन करत फिरला. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्याने स्वतःसाठी झोपडीसुद्धा बांधली नाही, पण पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ च्या २० डिसेंबरला बाबा गेले. देवाबद्दल बोलणं कुठे संपतं आणि माणसाला टेकायला जागा देणं कुठे सुरू होतं, ही रेघ बाबांनी मला वाटतं मुद्दामच पुसून ठेवलीय.

वही घेऊन चिंतन करणाऱ्यांसाठी आजचं काम इथेच देतो. तुमच्या ओळखीतल्या कुणा आजारी माणसाला तुम्ही पाठवलेले शेवटचे दहा मेसेज काढा. त्यांत प्रश्न किती आहेत, सल्ले किती आणि फॉरवर्ड किती, मोजा. माझे मोजले तेव्हा दहात सहा फॉरवर्ड होते, चार सल्ले. प्रश्न शून्य.

आता त्या सतरंजीची दुसरी बाजू, कारण सगळंच गोड नव्हतं. एका बाईने कुठल्यातरी वैदूची पुडी आणली होती, 'याने गाठी विरघळतात' म्हणून. मावशीने पैसे काढलेसुद्धा होते. ताईंनी हात धरला आणि म्हणाल्या, डॉक्टरला दाखवून मग घे. (डॉक्टरांनी काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल.) तुलना तर सतत चालायची. तिला चारच केमो, मला आठ का? तिचे केस आले, माझे का नाहीत? एकाच नावाचा आजार असला तरी गाठीची जात, अवस्था, रिपोर्टमधले रिसेप्टर वेगळे असतात, उपचार त्यावर ठरतात, हे समजावताना माझी एक्सेल परत कामाला आली. मैत्रिणीचं ऐकून औषध बदलायचं नाही, हा नियम घरी मी कडक केला. सोसणं सारखं असू शकतं, प्रिस्क्रिप्शन नाही.

आणि घरच्यांना खरी अडचण होती ती ताईंचीच. ताईंचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालेलं. आता आजार परत आला होता, लिव्हरमध्ये. हे त्यांनी मावशीला पहिल्याच आठवड्यात सरळ सांगितलं. मामांचा फोन आला, "अशा बाईच्या संगतीत कशाला ठेवतोस तिला? मनावर परिणाम होतो. निगेटिव्ह." मलाही तेच वाटत होतं, फक्त मी ते चांगल्या शब्दांत मांडायच्या विचारात होतो.

त्याच दिवसांत मी रात्री बसून संशोधन वाचत होतो. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला डेव्हिड स्पीगल यांचा अभ्यास सापडला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ बायका. त्यांतल्या काही जणी वर्षभर दर आठवड्याला गटात बसून मोकळेपणी बोलल्या. त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. मी उड्याच मारल्या. मावशीला सांगितलं, "बघ, एकत्र बसून बोलल्याने आयुष्य दुप्पट होतं." मग, चांगल्या इंजिनिअरने आधी करायला हवं ते मी नंतर केलं. दुसऱ्या कुणाला तोच निकाल मिळाला का, ते शोधलं. २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये २३५ बायकांचा मोठा अभ्यास आला होता. गटात बसल्याने आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी झालं, ज्या आधी जास्त खचल्या होत्या त्यांचं विशेष. पुढे स्पीगल यांनी स्वतः प्रयोग परत केला, तेव्हा त्यांनाही पहिला निकाल मिळाला नाही.

मला मावशीला जाऊन हे सांगायचं होतं, कारण मी चुकीचं सांगून बसलो होतो. शिवाय हे अभ्यास होते आजार पसरलेल्या बायकांचे, म्हणजे तिला ते तसे लागूही नव्हते. दोन दिवस टाळलं. मग एकदा ठाण्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "जास्त जगायला जातीय व्हय रं मी तिथं?"

"मग कशाला जातेस?"

"तिच्यापुढं तोंड हसरं ठेवावं लागत नाही."

घरी आमच्यापुढे ती तोंड हसरं ठेवत होती, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही तिला पॉझिटिव्ह ठेवत नव्हतो. तीच आम्हाला ठेवत होती.

आता श्लोक परत वाचून पाहा. त्या एकमेकांशी बोलण्याचं फळ म्हणून आयुष्य, आरोग्य, यश असं काहीही तिथे सांगितलेलं नाही. त्या बोलण्यातच ते तृप्त असतात, संपलं. समज देण्याची गोष्ट भगवंत करतात ती पुढच्या, दहाव्या श्लोकात. अंधार घालवणारा दिवा येतो अकराव्यात. मी कोड वाचणारा माणूस, मला क्रम दिसतो. आधी माणसं एकमेकांना सांगतात, मग तो देतो. मी मावशीला थेट अकराव्या श्लोकातला दिवा आणून देत होतो आणि नववा गाळून टाकत होतो. दिवा देणारा मी कोण, हा प्रश्न वेगळाच.

तरीही ताईंबद्दलची भीती काही गेली नव्हती. सहा महिन्यांत मावशीच्या आठही केमो झाल्या. मग रेडिएशन सुरू झालं, सोमवार ते शुक्रवार रोज, एकूण १५ वेळा. ताई तोपर्यंत गावी गेल्या होत्या, दोघींचं फोनवर चालू असायचं. फेब्रुवारीत एका दुपारी ताईंच्या मुलाचा मला फोन आला. आई गेली. पहाटे.

मावशीची तेव्हा सहा रेडिएशन झाली होती, नऊ बाकी होती. मी काकांना फोन केला. काका म्हणाले, "नऊ दिवस थांब. उपचार पुरे होऊ दे, मग सांगू." मामाही तेच म्हणाले. तीच तीन माणसं, तोच कॉन्फरन्स कॉल. आणि खरं सांगतो, त्या वेळी मला ते शहाणपणाचंच वाटलं. तिच्या भल्यासाठीच होतं की. पण फोन ठेवल्यावर कुठेतरी अडकलं. पहिल्या वेळीही तिच्या भल्यासाठीच होतं.

दुसऱ्या दिवशी परळहून येताना मी सगळा प्रवास गप्प होतो. मावशीही गप्प होती. रबाळ्याला उतरलो. संध्याकाळची गर्दी, एमआयडीसीतली पोरं धावत जिन्याकडे. मी तिला म्हटलं, जरा बाकावर बसू. बसलो. एक गाडी गेली, मग दुसरी गेली. मग सांगितलं, "मावशी, ताई गेल्या. काल पहाटे."

ती समोरच्या रुळांकडे बघत म्हणाली, "ठाऊक हाय मला. धर्मशाळेतल्या बिहारच्या बाईचा फोन आलता काल." थोडं थांबून म्हणाली, "तुला कसं सांगावं म्हणून गप बसले हुते. तुझं हपिसाचं काम चालू असतंय."

मला हसू आलं की रडू, अजून कळलेलं नाही. ती रडली. मीही रडलो, भर फलाटावर. श्लोक सांगितला नाही. सुचलाही नाही. दुसऱ्या दिवशी ती सातव्या नाही, आठव्या रेडिएशनला माझ्याबरोबर निघाली. तेवढं तिने आधीच मोजून ठेवलं होतं, माझी शीट एक दिवस मागे होती.

१५ पुरी झाली. मावशी आता कराडला आहे, तपासणीला ठरलेल्या तारखेला येते. मागच्या खेपेला आली तेव्हाची गोष्ट. मी घरून काम करत होतो, कॉल चालू होता, म्युटवर. आतल्या खोलीत ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती. सोलापूरकडची कुणी बाई, नुकतंच ऑपरेशन झालेली. आधी बराच वेळ मावशी काहीच बोलत नव्हती, फक्त 'हं, हं' चालू होतं. मग तिने विचारलं,

"कुठल्या बाजूचा हात गं तुझा?"

आणि मग, "आगं, मग काय झालं? उजव्या हातात घाल की सगळ्या."